पुरुषाची सोनोग्राफी

हे मी ज्यांच्यासाठी लिहितोय ते हे उघड्यावर वाचणार नाहीत. मोबाईल छातीशी धरून, बायकोकडं पाठ करून वाचतील. वाचा, माझी हरकत नाही. मीही तसाच वाचायचो. जे सापडायचं त्यातलं अर्धं इंग्रजीत असायचं आणि उरलेलं अर्धं ताकदीची पावडर विकणाऱ्यांनी लिहिलेलं असायचं.

तर आधीच सांगून टाकतो. माझ्या वीर्यात शुक्राणू नाहीत. कमी नाहीत, मंद नाहीत, नाहीतच. हे वाक्य म्हणायला मला फारसं जड गेलं नाही, कारण मी मुळातच तोंडाचा फटकळ आहे. जड गेलं ते ऐकणाऱ्यांना. आमच्या घरात मी हे वाक्य कितीदा तरी मोठ्यानं म्हणालो, आणि दरवेळी समोरच्यांनी माझ्या बायकोकडं बघितलं.

घर म्हणजे पुंडलिकनगरातल्या दोन खोल्या आणि वर गच्ची. मी, माझी बायको मनीषा आणि माझे वडील अण्णा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिची जागा अण्णांच्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं, न विचारता घेतली. आत्या मागच्या गल्लीत राहते, पण नुसती झोपण्यापुरती. दिवसभराचा मुक्काम आमच्या स्वयंपाकघराच्या दारात.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लोखंडाचे ओतीव भाग येतात, ते तपासायचे. वरून चकाचक दिसणाऱ्या तुकड्याच्या पोटात कधी कधी पोकळी असते. ती बघायला तुकडा फोडायचा नसतो. वर ग्रीस लावायचं, हातातलं यंत्र फिरवायचं, आवाजाची लाट आत जाऊन परत येते आणि पडद्यावर रेघ उमटते. न फोडता आत बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं एका डॉक्टरवर मी भडकलो तो याच्यामुळंच.

आणि अण्णा म्हणजे जनावरांचे व्यापारी. आमच्याकडं त्यांना हेडी म्हणतात. लासूर स्टेशनच्या बाजारात त्यांची हयात गेली. दात बघून वय सांगायचे, चाल बघून खुराचं दुखणं सांगायचे. आजही गावाकडचे लोक गोऱ्हा घेण्याआधी अण्णांना फोन करतात. त्यांचा एक ठरलेला नियम होता आणि तो मी लहानपणापासून ऐकत आलोय: "गाय एकदा उलटली तर गाय बघा. दुसऱ्यांदा उलटली तर वळू बघा." उलटली म्हणजे वळू दाखवूनही गाभण राहिली नाही. असा माणूस माझा बाप, आणि असं काम मी करणारा. तरीही आमच्या घरात चार वर्षं फक्त मनीषाला तपासलं गेलं.

संन्याशाला सुळी

मनीषा गंगापूरची. बी.कॉम. झालेली, बियाण्यांच्या एका दुकानात बिलिंगचं काम करते. लग्नाला वर्ष झालं आणि आत्याची वळवळ सुरू झाली. ती मनीषाला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. तिथून जे सुरू झालं ते थांबेचना. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, गर्भाशयाच्या नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला. त्या दिवशी ती रिक्षातून उतरली तेव्हा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. मग दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. पोटावर तीन ठिकाणी टाके. मग गोळ्या, ज्यांनी तिचं वजन वाढलं आणि झोप गेली. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कारण सापडत नाही."

सापडेल कसं? चोर सोडून संन्याशाला सुळी.

एकदा रविवारी भांडी घासता घासता मनीषा सहज म्हणाली, "पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी तुमची तपासणी सांगितली होती. आत्याबाईंनी नको म्हटलं."

मी हातातला चहा खाली ठेवला. "मला कुणी सांगितलं नाही."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असंल."

मी तसाच उठून आत्याकडं गेलो. ती शेंगा फोडत बसली होती.

"माझी तपासणी का नको म्हणालीस?"

"तुझं काय तपासायचं?" ती वरसुद्धा बघेना. "चांगला धडधाकट हायेस. मिशा बघ की तुझ्या."

मिशा! चार वर्षं माझ्या बायकोच्या पोटात दुर्बिणी घातल्या गेल्या, आणि माझ्यासाठी मिशा हा रिपोर्ट पुरला. त्या डॉक्टरीणबाईंचीही मला कीव येते. एवढं शिकून, भिंतीवर एवढ्या पदव्या टांगून, आत्याच्या एका शब्दापुढं गप्प बसल्या. पेशंट दुसरीकडं जाईल ही भीती, दुसरं काय?

डबी

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी लॅबमध्ये गेलो. पुरुषांची ही तपासणी जगातली सगळ्यात सोपी तपासणी आहे. सुई नाही, भूल नाही, टाके नाहीत. एक प्लास्टिकची डबी आणि एक बंद दार. आमच्याकडच्या मर्दांना एवढंही झेपत नाही.

दार मात्र नीट बंद होत नव्हतं. कडीच्या जागी सुतळी होती. भिंतीवर एका खताच्या कंपनीचं कॅलेंडर, आणि बाहेरून कुणीतरी सारखं विचारत होतं, "आत कोन हाय का?" आहे बाबा, आहे. मी आत आहे आणि माझ्या खानदानाचा मान एका डबीत भरायचा प्रयत्न करतोय.

संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला मनीषाही आली. काउंटरवरच्या माणसानं पाकीट तिच्याच हातात दिलं. वंध्यत्वाचं पाकीट बाईच्याच हातात द्यायचं असतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं ते न उघडता मला दिलं. आत एका ओळीत 'निल' लिहिलं होतं.

मी ते तीनदा वाचलं. बाहेर रस्त्यावर सेव्हन हिलच्या दिशेनं गाड्या जात होत्या, रसवंतीची घुंगरं वाजत होती, आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायला लाजत नाही: मला वाटलं, आपण आतून रिकामे आहोत. कारखान्यात मी असे तुकडे लाल खडूनं फुली मारून बाजूला ठेवतो.

मनीषा म्हणाली, "चूक असंल." तिच्या आवाजात सुटका नव्हती. सुटका वाटायला हवी होती खरं तर. चार वर्षं जी शिक्षा भोगली ती तिची नव्हती, हे त्या एका शब्दात लिहिलेलं होतं. पण शिक्षा इतकी अंगवळणी पडली होती की ती माझ्याच बाजूनं बोलायला लागली. त्याचा मला जास्त राग आला.

लॅबचे डॉक्टर म्हणाले, परत करा. परत केलं. परत निल.

घरचे शास्त्रज्ञ

घरी मी लपवलं नाही. जेवणं झाल्यावर सांगितलं.

अण्णांनी सुपारी कातरत विचारलं, "डबी बदलली असंल का रे? तिथं लई गर्दी असती."

"दोनदा बदलली, अण्णा?"

"बदलू शकती."

आत्या म्हणाली, "लोखंडाच्या भट्टीजवळ काम करतो, उष्णता झाली. गुलकंद खा." माझं काम भट्टीपासून लांब, पंख्याखाली चालतं हे तिला माहीत आहे. मग तिनं मुद्द्याला हात घातला. वैजापूरकडची एक पोरगी तिच्या नजरेत होती. "गरिबाची हाय, निमूट ऱ्हाईल. मनीषाला गंगापूरला पाठवून देऊ, मानानं सोडचिट्टी करू. पोरीकडचे म्हणतात, संक्रांतीपर्यंत वाट बघू."

हे सगळं मनीषा ताटं उचलत असताना चाललं होतं. तिच्या समोर.

"मी दुसरं लग्न करणार नाही," मी म्हणालो.

"समदेच असं म्हणतात. मंग मांडवात हसतात."

"आत्या, दोष माझ्यात आहे. दुसरी आणलीस तर तिलाही चार वर्षं दुर्बिणी घालणार का?"

"आपल्या खानदानात असलं नाय," आत्या म्हणाली, आणि खानदानाच्या वतीनं तिनं विषय बंद केला.

मी अण्णांकडं बघितलं. आत्या कितीही बोलली तरी आमच्या घरात शेवटचा शब्द अण्णांचा. ते सुपारी कातरत राहिले. त्यांना पटत नव्हतं. कागदावर छापलेलं त्यांना आयुष्यात कधीच पटलं नाही. जे डोळ्यांनी दिसतं आणि हाताला लागतं तेच खरं. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर.

त्या आठवड्यात मनीषानं आपली एक बॅग भरून ठेवली. मला म्हणाली, "करून टाका त्यांच्या मनासारखं. रोज रोज हे ऐकवत नाय." मी बॅग रिकामी केली. तिनं ती परत भरली. मूल होईल की नाही हा प्रश्न माझ्यासाठी त्या दिवशी दुसऱ्या नंबरवर गेला. पहिला प्रश्न, ही बाई घरात राहील की नाही.

कारखान्यातल्या मित्रांचं तर विचारू नका. एकाला विश्वासानं सांगितलं, तर त्यानं डोळा मारून एका वैद्याचा पत्ता दिला. रेल्वे रुळांच्या कडेला भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, त्यांच्यापैकी एक. अरे, ती भानगड वेगळी आणि ही वेगळी! माणूस पलंगावर वाघ असेल आणि तरीही त्याच्या वीर्यात काही नसेल. या दोन गोष्टींत फरक आहे हे आमच्या इंजिनियरांनाही कळत नाही. डिप्लोमा देताना कुणी शिकवत नाही बहुतेक.

फोटोंची भिंत

मग आम्ही एका मोठ्या सेंटरला गेलो. नाव सांगत नाही, सगळी सारखीच दिसतात. थंडगार हवा, मंद बासरी, आणि भिंतभर गोऱ्या गोऱ्या बाळांचे फोटो. आपल्या भागात इतकी गोरी बाळं होतात कधी? ज्यांना झाली नाहीत त्यांचा एकही फोटो नव्हता. त्यांच्यासाठी भिंत पुरली नसती.

तिथला डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होता आणि बोलताना घड्याळाकडं बघत होता. म्हणाला, स्त्रीबीजं तयार करायला मॅडमना इंजेक्शनं आजपासूनच सुरू करू, आणि तुमच्या दोन्ही अंडकोषांत सुया टोचून काही मिळतंय का बघू.

"कुठं टोचायचं हे कसं ठरवता?"

"वेगवेगळ्या ठिकाणी घेतो ना. अंदाजानं."

मी भडकलो. अंदाजानं! आमच्याकडं अंदाजानं तुकडा फोडणाऱ्याला संध्याकाळपर्यंत गेटच्या बाहेर काढतात. "आधी आत बघायची काही सोय नाही का? सोनोग्राफी?"

"त्यानं काय होणार? शेवटी टोचावंच लागतं."

मग त्यानं आवाज खाली आणला. "नाहीतर बँकेतलं सॅम्पल वापरू. घरात कुणाला कळणारसुद्धा नाही. तुम्ही म्हणाल तर मॅडमनाही तपशील सांगायची गरज नाही."

मॅडम माझ्या शेजारी बसलेल्या होत्या.

नीट वाचा. दात्याचे शुक्राणू वापरण्याला माझा आक्षेप नाही. कित्येक घरं त्यानं हसती झालीत, ज्यांनी ते केलं त्यांना माझा नमस्कार. मला किळस आली ती त्या कुजबुजीची. ज्या बाईच्या पोटात मूल वाढायचं, तिच्याच देखत, तिला न सांगता करू म्हणणारा माणूस भिंतीवर बाळांचे फोटो लावतो.

मनीषा उठली. "चला," एवढंच म्हणाली.

अण्णा सोबत येतात

पुढचा डॉक्टर मूत्ररोगतज्ज्ञ होता, साठीतला, कमी बोलणारा. त्यानं आधी हातानं तपासलं. मग रक्तातली हार्मोन्स बघितली आणि कपाळाला आठी घातली. मग म्हणाला, "अडथळा आहे की तयारच होत नाही, हे आधी बघू. सोनोग्राफी करा, रक्तप्रवाहाची रंगीत तपासणी करून घ्या. सुरी सगळ्यात शेवटी." माझ्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखं वाटलं.

घरी सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "मीबी येतो."

"कशाला?"

"बघतोच काय दावतात ते."

सोनोग्राफी सेंटरमध्ये शिरताना डोक्यावर मोठा फलक: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आत रांगेत सगळ्या पोटुश्या बायका, पाणी पिऊन पिऊन कंटाळलेल्या. त्यांच्यात आम्ही तिघं. रिसेप्शनवरच्या मुलीनं आमचा नंबर आल्यावर हाक मारली आणि मनीषाला म्हणाली, "ताई, पाणी प्यायलात ना? आत चला."

"पेशंट मी आहे," मी म्हणालो.

रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. हसा. तुमच्या नवऱ्यांनाही आणा एकदा.

आत डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी टॉवेल दिला, आणि जेलीची बाटली कोमट पाण्यात ठेवलेली होती ती काढली. थंडीच्या दिवसांत ती जेली अशा जागी बर्फासारखी लागली असती. इतक्या महिन्यांत माझ्या शरीराचा विचार करणारं ते पहिलं माणूस. मला तिथंच रडू येईल असं वाटलं.

"हे बाहेर थांबतील ना?" त्यांनी अण्णांकडं बघून विचारलं.

"राहू द्या. त्यांना बघायचंय."

मी पस्तिशीचा माणूस, कमरेखाली टॉवेल, आणि उशाशी टोपी हातात धरून उभा असलेला बाप. मान-अपमान दारातच सोडला होता. डॉक्टरांनी यंत्र फिरवायला सुरुवात केली आणि मला हसू आलं. जेली, यंत्र, पडदा. सगळं माझ्याच टेबलासारखं. फक्त आज टेबलावर मी होतो.

पडद्यावर करडा गोल उमटला. त्या मोजत होत्या आणि बोलत होत्या, कारण मी विचारत होतो. उजवा फार लहान. डावा जरा बरा, पण तोही हवा तेवढा नाही. आतला पोत एकसारखा नाही, खडबडीत. मग रंग लावले, लाल आणि निळे. उजव्यात रंग जवळजवळ नव्हतेच. डाव्यात वरच्या भागात थोडे होते.

"शुक्राणू दिसतात का यात?"

"नाही, ते फार बारीक. यात कारखाना दिसतो, माल दिसत नाही." मग त्या म्हणाल्या, "नळी तुंबल्याची खूण नाही. तयारच होत नसावेत. लहानपणी गालफुगी झाली होती का? गाल सुजून ताप?"

मला आठवेना. बोलले ते अण्णा.

"झाली होती. नववीत होता." ते पडद्याकडंच बघत होते. "गाल उतरले आन् मंग खाली सुजलं. लई कण्हायचा. म्या कडूलिंबाचा पाला गरम करून बांधला. सूज उतरली, म्हनलं झालं बरं."

"दवाखान्यात नेलं होतं?"

"नाय." अण्णांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. "बाजाराचा दिवस होता."

 मग अण्णांनी पडद्यावरच्या त्या लहान गोलाकडं बोट केलं. "म्या असला गोऱ्हा दावणीतूनच परत पाठवला असता," ते हळूच म्हणाले. ते अपमान करत नव्हते. ज्या एका विद्येवर त्यांचा विश्वास होता, तिच्यात त्यांना आता दिसलं होतं.

परतताना ते रिक्षात माझ्या शेजारी बसले आणि त्यांनी मनीषाची पाण्याची बाटली आपल्या मांडीवर घेतली. एवढंच.

हलू नका

मूत्ररोगतज्ज्ञांनी मग डाव्या बाजूचा एमआरआय सांगितला. साफ सांगितलं की हे अजून सगळीकडं रुळलेलं नाही, यावरून शंभर टक्के काही ठरत नाही, पण कुठं बघायचं आणि कुठं बघूच नये याचा अंदाज येतो. अंदाज हा शब्द त्यांनीही वापरला. पण बघून केलेला अंदाज आणि न बघता केलेला अंदाज यांत फरक असतो.

एमआरआयवाला शहागंजकडचा मुलगा. मला आत सरकवताना म्हणाला, "भाई, हिलना नहीं, बिल्कुल. हिले तो फिरसे." नळीत शिरल्यावर यंत्र असं ठोकायला लागलं की जणू आमच्या कारखान्यातच झोपलोय. मला भीती वाटली, खरी भीती. आत काही नसेलच तर? मी डोळे मिटून मनीषानं भरलेली बॅग आठवत राहिलो. ती अजून कपाटाखाली होती.

निकाल सोनोग्राफीसारखाच, जरा जास्त ठामपणे. उजवीकडं शोधण्यासारखं काही नाही. डावीकडं वरचा एक भाग वेगळा दिसतोय. "तिथं सूक्ष्मदर्शकाखाली उघडून शोधू," डॉक्टर म्हणाले. "सापडेल असं म्हणत नाही. निम्मी चिरफाड वाचली एवढं समजा."

बाजाराचा नियम

संक्रांत जवळ आली आणि आत्या वैजापूरच्या पोरीचा फोटो घेऊन आली. मनीषा तिळगुळाचा पाक करत होती. आत्यानं फोटो अण्णांपुढं ठेवला.

अण्णांनी तो उलटा केला आणि बहिणीला म्हणाले, "राधे, हे उचल."

"का?"

"मी जनमभर लोकायला सांगत आलो, आधी वळू बघा. आन् घरात आपन गाय बाजाराला न्यायला निघालो. वळू मी बघून आलो. खोट आपल्या दावणीत हाय."

 मला बरं वाटलं, पण पुरतं नाही. अण्णांनी न्याय केला होता, पण मनीषाला गाय म्हणून. आमच्या घरात न्यायही गोठ्यातूनच यायचा.

मनीषानं गॅस बंद केला. पदराला हात पुसत ती दारात आली. माझ्या आठवणीत ती अण्णांसमोर पहिल्यांदा इतकं सलग बोलली.

"अण्णा, मी गाय नाय. मला कुणी बाजारातून आणलं नाय आन् परत न्यायचंबी कुणी ठरवायचं नाय. ऱ्हायचं का जायचं ते मी ठरवीन. आन् अजून एक. डॉक्टर म्हणाले, ह्यांचं ऑपरेशन आन् माझी इंजेक्शनं संगंच करता येतात. मी करणार नाय. आधी ह्यांचं बघा. सापडलं तर ठेवून घेतात, गोठवून. सापडलं तरच मी सुई टोचून घेईन. आतापर्यंत आधी माझाच नंबर होता."

अण्णांनी मान खाली घातली. "बरोबर हाय तुझं, पोरी," ते म्हणाले.

मनीषा परत आत गेली. पाक कडक झाला होता. त्या वर्षी आम्ही तिळगुळाच्या नावाखाली दगड खाल्ले.

रिकाम्या हातानं

ऑपरेशनचा दिवस मला तुकड्यांत आठवतो. मागून नाड्यांचा तो निर्लज्ज झगा. सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण?" आणि मनीषा म्हणाली, "मी." इतकी वर्षं त्या खुर्चीवर मी बसायचो, तिचं नाव पुकारलं की उठून सही करायचो आणि परत मोबाईल बघायचो. आता ती बसली होती, मोबाईल न बघता.

शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर स्वतः येऊन उभे होते. वाईट बातमी त्यांनी कंपाउंडरकरवी पाठवली नाही, हे मी विसरणार नाही. "डावा उघडला. जिथं दिसत होतं तिथंच बघितलं. नाही मिळालं."

मी विचारलं, "फोटो चुकला?"

"फोटोनं जागा दाखवली होती. वचन दिलं नव्हतं."

आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? हे मला महिन्याभरापासून माहीत होतं, तरी मी रडलो. मनीषाही रडली. मग तिनं डोळे पुसले, माझे पुसले, आणि सिस्टरला चहा कुठं मिळेल ते विचारायला गेली.

तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे. पहिल्याच महिन्यात स्वतः जाऊन डबी भरा. कुणी टोचायला निघालं तर आधी आत बघितलंय का ते विचारा. फोटोतून मूल मिळत नाही. पण फोटो बघून माझ्या बापाला माझी बायको निर्दोष दिसली, आणि माझी एक बाजू सुरीखाली गेली नाही. हे कमी नाही. पुढं दत्तक की दात्याची मदत, हे आमचं अजून ठरलेलं नाही. जे काही करू ते कुजबुजत करणार नाही.

मोसंबी

घरी आल्यावर मी पाय फाकवून पलंगावर पडून होतो, घट्ट लंगोट बांधलेला, दर दोन तासांनी बर्फाची पिशवी. आत्या मोसंब्या घेऊन आली. खुर्ची ओढून बसली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "जाऊ दे बाळा. देवाची मर्जी. कुनाचा दोष नाय."

चार वर्षं दोष होता. तो मनीषाचा होता. तिच्या नळ्यांत होता, तिच्या पायगुणात होता, तिच्या गंगापूरच्या माहेरात होता. माझ्या दारात आला आणि एका दुपारीत देवाची मर्जी झाला. मला इतका संताप आला की टाके विसरून मी उठून बसलो.

"आत्या, माझ्यात दोष नव्हता असं तुला वाटत होतं तेव्हा तू माझ्यासाठी दुसरी पोरगी बघितलीस."

"आता कशाला ते काढतो?"

"आता दोष माझ्यात निघाला. मग मनीषासाठी दुसरा पोरगा बघ. वैजापूरकडचा असेल एखादा. गरिबाचा, निमूट राहणारा."

आत्यानं कानांवर हात ठेवले. "काय बोलतो हा! बाईमाणसाबद्दल असं बोलतात व्हय?" तिनं मदतीसाठी अण्णांकडं बघितलं. अण्णा दारात सुपारी कातरत होते. ते कातरायचे थांबले.

मनीषा खाली बसून मोसंबी सोलत होती. तिनं एक फोड काढली, बी बाजूला केली, माझ्या हातात दिली. कपाटाखालची बॅग त्या सकाळीच तिनं रिकामी करून माळ्यावर टाकली होती. मी तिला काही विचारलं नव्हतं.

"बघा की आत्याबाई," ती म्हणाली. "फक्त आधी त्याची सोनोग्राफी करून आणा."

पहिले हसले ते अण्णा. मग मी हसलो, आणि हसलं की टाके ओढतात हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.